ग्रेटा व्हॅन फ्लीटचा ‘स्टारकॅचर’: ऐकावा, की मूळ लेड झेपलिनच पुन्हा लावावे?

मासुंदाकाठी (ठाणे)

नमस्कार मंडळी,

ग्रेटा व्हॅन फ्लीट या अमेरिकी बँडचा ‘स्टारकॅचर’ हा तिसरा अल्बम २१ जुलै २०२३ रोजी आला. माझी पुतणी नेरूळला राहते आणि गिटार वाजवते. अल्बम आल्यापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नाही. लवकरच तिचा वाढदिवस आहे आणि या अल्बमची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, तिला भेट द्यावी, असे घरात जवळजवळ ठरले आहे. एवढे पैसे मोजायचे तर आधी आपण स्वतः ऐकून पाहावे, या हिशेबाने मी तो ऐकला आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

माझे कान १९८० च्या दशकात तयार झालेले आहेत. त्या काळी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी नेऊन दिली की तो स्वतःजवळच्या एलपीवरून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून देत असे. एका बाजूला लेड झेपलिन, दुसऱ्या बाजूला डीप पर्पल, हे दोन्ही ब्रिटिश रॉक बँड, आणि बाजू संपताना शेवटचे गाणे हमखास मधेच तुटलेले. अशा कानांना या नव्या बँडचा गायक जोश किस्का पहिली ओळ गाऊ लागताच लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट ऐकू येतो. तार सप्तकातला तोच किंचित फाटलेला स्वर, ओळ संपताना तीच आरोळी. मूळ गाणी घरात असताना ही सावली कशासाठी ऐकायची, हा प्रश्न मनातून जात नाही.

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिशिगन राज्यातल्या फ्रँकनमथ या लहानशा गावातले जोश, जेक आणि सॅम किस्का हे तीन भाऊ आणि त्यांचा ड्रमर मित्र डॅनी वॅग्नर, असा हा चौघांचा संच आहे. ‘फ्रॉम द फायर्स’ या त्यांच्या ध्वनिमुद्रणाला २०१९ साली सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. त्याच्या काहीच महिने आधी त्यांच्या पहिल्या पूर्ण अल्बमला एका वजनदार अमेरिकी संगीत-संकेतस्थळाने दहापैकी १.६ गुण देऊन अक्षरशः धुतले होते. खुद्द प्लांट यांनी २०१८ साली, हा बँड म्हणजे लेड झेपलिनचा पहिला अल्बमच आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा जाणकारांना विचारतो की, हे साम्य बाजूला ठेवले तर या नव्या अल्बममध्ये ऐकण्यासारखे काही उरते का? उरत असेल तर ते कुठे शोधावे? ‘आवडले तर ऐका, नाहीतर सोडा’ एवढे सांगून कृपया माझी बोळवण करू नये.

---

नेरूळचा ठेका (नवी मुंबई)

मी हौशी ड्रमर आहे आणि कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था करतो, त्यामुळे गाण्यापेक्षा आवाज कसा धरला आहे याकडे माझे लक्ष आधी जाते. माझी आपल्याला विनंती आहे की, एकदा गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त ड्रम ऐकत हा अल्बम ऐकावा.

आजच्या बहुतेक रॉक ध्वनिमुद्रणात ड्रमर कानात यांत्रिक टिकटिक घेऊन वाजवतो. नंतर संगणकावर प्रत्येक ठोका रेषेत आणून बसवला जातो आणि पुष्कळदा त्या ठोक्याखाली आधीच तयार असलेला दुसरा आवाज चिकटवला जातो. परिणामी पहिला ठोका आणि शेवटचा ठोका अगदी एकसारखे ऐकू येतात. या अल्बमचे ध्वनिमुद्रण नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये निर्माता डेव्ह कॉब याने केले. ही १९६५ पासूनची, उंच छताची, मोठी खोली आहे. २०१४ साली ती पाडण्याच्या बेतात होती, तेव्हा संगीतकारांनी आवाज उठवून ती वाचवली. खोलीचे एवढे कौतुक मी करतो, कारण ड्रम हे वाद्य अर्धे खोलीतच वाजत असते. माइक कातड्याला चिकटवला तर नुसती थाप मिळते, आणि तो चार पावले मागे नेला तर थापेनंतर भिंतीवरून परत येणारा घुमारा मिळतो. लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमसाठी त्यांचा ड्रमर जॉन बॉनहॅम याचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या वाड्याच्या जिन्याखालच्या दिवाणखान्यात मांडून माइक वरच्या मजल्यावर टांगले होते, ही गोष्ट आमच्या धंद्यात सर्वांना पाठ आहे.

कॉब याची पद्धत अशी की, बँडला एकत्र एका खोलीत उभे करायचे, फार तालीम करू द्यायची नाही आणि ताजे आहे तोवर पकडायचे. ‘स्टारकॅचर’ मध्ये ते स्पष्ट कळते. गाणे तापले की लय किंचित पुढे सरकते आणि कडव्यावर परत येताना पुन्हा बसते. झांजेचा आवाज गिटारच्या माइकमध्येही शिरल्यासारखा वाटतो. हा निष्काळजीपणा नाही, चार माणसे एकमेकांकडे पाहून वाजवत असल्याची ती खूण आहे. यांचा २०२१ चा दुसरा अल्बम ग्रेग कर्स्टिन या पॉप संगीतात नावाजलेल्या निर्मात्याने केला होता. तो एक तासाहून मोठा, थरावर थर चढवलेला आणि चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखा भरगच्च झाला होता. नवा अल्बम पाऊण तासाच्या आत आटोपतो आणि त्यातल्या बहुतेक जागी एकाच गिटारवर भागवले आहे. गिटार संपते तिथे रिकामी जागा राहते आणि ती कोणी भरायला जात नाही, हे मला फार आवडले.

गिटारच्या बाबतीतही आपण समजता तेवढे साम्य नाही. यांचा गिटारवादक जेक किस्का १९६१ सालची गिब्सन एसजी वाजवतो. झेपलिनचा गिटारवादक जिमी पेज याने त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये मुख्यतः फेंडर टेलिकास्टर आणि पुढे गिब्सन लेस पॉल वापरली. एसजीचा आवाज मधल्या पट्टीत अधिक खरखरीत लागतो. डोळे मिटून ऐकले तर मला पेजपेक्षा ‘द हू’ या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड अधिक वेळा आठवतो.

---

रंगभवनवाला (घोडबंदर रोड)

खोलीचा घुमारा आणि झांजेची गळती हे सारे मान्य केले तरी मूळ प्रश्न तिथेच राहतो. उत्तम खोलीत उत्तम माइकने धरलेली नक्कल ही नक्कलच असते.

धोबी तलावाजवळच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाचे कार्यक्रम होत, तिथे उघड्या आकाशाखाली दिवसदिवस उभे राहून मी हे संगीत ऐकले आहे. तिथला रिवाज असा होता की, जो बँड परदेशी गाणे हुबेहूब वाजवील तो मोठा. कोणी स्वतःचे गाणे सुरू केले की लोक हुर्यो उडवत आणि पुन्हा ओळखीच्या गाण्याची मागणी करत. त्या वातावरणात रॉक मशीनसारख्या मुंबईच्या बँडने स्वतःच्या गाण्यांचा हट्ट धरला आणि १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, म्हणून आम्हाला त्यांचा अभिमान होता. त्यामुळे ‘हुबेहूब’ हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्याकडची पोरे तसे करत, कारण मूळ बँड इथे फिरकतही नव्हते. फ्रँकनमथच्या मुलांना ती सबब नाही.

आता कोणी म्हणेल की, झेपलिननेही अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ब्लूज या संगीतप्रकारातून घेतलेच. घेतले, पण ते तिथे थांबले नाहीत. इंग्लंडचे लोकसंगीत, अरबी वळणाचे सूर, आपल्याकडचे वाद्यवृंद, जिथे जे कानावर पडले ते त्यांनी आत ओढून घेतले. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्वतःची दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि ती ध्वनिमुद्रणे २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आली. सारंगी आणि तबल्याच्या संगतीत तेच गाणे कसे वेगळे उभे राहते, हे त्यांना ऐकून पाहायचे होते. या चौघांचे कान मात्र १९६९ ते १९७५ या सहा वर्षांच्या खिडकीतून बाहेर डोकवायला तयार नाहीत. त्यांच्या जन्मानंतर जगात जेवढे संगीत झाले त्याचा एक कणही या अल्बममध्ये मला सापडला नाही. पुतणीला मूळ झेपलिनची एलपी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

गौडसारंग (ठाणे)

मी शास्त्रीय गायनाच्या शिकवण्या घेते. रॉक हा माझा प्रांत नाही, परंतु माझा मुलगा ऐकतो म्हणून घरात हा अल्बम माझ्याही कानांवरून गेला आहे. रंगभवनवाला यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी बरीच सहमत आहे, पण झेपलिनच्या उसनवारीवरून त्यांनी फार लवकर हात झटकले, असे वाटते.

ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ साली झेपलिनवर एका गाण्यावरून दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला आणि त्या गाण्याच्या श्रेयनामावलीत पुढे डिक्सन यांचे नाव आले. पहिल्याच अल्बममधल्या एका गाण्यावरून जेक होम्स यांनी २०१० साली दावा केला, तोही असाच मिटला. सगळेच आरोप खरे ठरले असेही नाही. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यावरचा दावा २०२० साली अपील न्यायालयातही फेटाळला गेला. सांगायचा मुद्दा असा की, आपण ज्याला मूळ म्हणून छातीशी धरतो त्याच्याही सुरुवातीला दुसऱ्याचा आवाज होताच, आणि १९६९ साली समीक्षकांनी त्या पहिल्या अल्बमचेही स्वागत नाके मुरडूनच केले होते.

नक्कल वाईट की चांगली, या वादापेक्षा नक्कल कोणत्या वयात झाली आणि पुढे तिचे काय झाले, हे पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गात. लोक ते नवल पाहायला गर्दी करत आणि ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही त्यांना त्याच बालवयात मिळाली. पुढे देवधर मास्तरांकडे तालीम झाली, मग देवासला दीर्घ आजारपण आले, आणि त्यानंतर जे गाणे उभे राहिले ते कोणाचेच नव्हते, त्यांचे एकट्याचे होते. त्याच कुमारांनी प्रौढपणी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. त्यात बालगंधर्वांची पदे आहेत, त्यांच्या लकबींची जाणीव आहे, आणि तरीही एका ओळीतही आवाज उसना वाटत नाही. बालगंधर्वांसारखे गाणारे त्या काळी गावोगावी होते, त्यांतले किती जण आज कोणाला आठवतात?

जोश किस्का याचा जन्म १९९६ चा. हा अल्बम आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, आणि सत्तावीस वर्षांचा गायक म्हणजे आमच्या क्षेत्रात अजून तालमीतच असलेला गायक. त्याचा गळा नैसर्गिकरीत्याच प्लांटच्या जवळ जातो, असे मला ऐकून वाटते. गळा कोणी बदलू शकत नाही, गायकी बदलता येते. ‘मीटिंग द मास्टर’ या गाण्यात तो बराच वेळ मध्य सप्तकात, नुसत्या साध्या गिटारच्या साथीला हळू आवाजात राहतो, आणि तिथे तो मला त्याचा स्वतःचा वाटला. मग गाणे चढते आणि तो पुन्हा त्या आरोळीवर जातो. माझी तक्रार प्लांटच्या साम्याबद्दल नाही. जवळपास प्रत्येक गाण्यात वरचा षड्ज गाठायची त्याला इतकी घाई असते की, त्या षड्जाची वाट पाहण्याचे सुखच ऐकणाऱ्याला मिळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेमकी याच गोष्टीवरून रागावते.

---

खारघरची टेकडी (नवी मुंबई)

काका, मावशी, सर्वांना नमस्कार. मी आपल्या पुतणीच्याच वयाचा आहे, म्हणून तिच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

आमच्या पिढीपर्यंत झेपलिन आणि ग्रेटा व्हॅन फ्लीट हे एकाच फोनमधून, कदाचित एकाच आठवड्यात पोहोचले. कोण आधी आणि कोण नंतर, हे आम्हाला वाचून कळते, कानांना कळत नाही. शिवाय मूळ बँड आम्हाला प्रत्यक्ष ऐकायला मिळण्याची शक्यता शून्य आहे, कारण बॉनहॅमच्या निधनानंतर १९८० सालीच तो संपला. ग्रेटा व्हॅन फ्लीटला मात्र मी जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापालूझा महोत्सवात, समोर उभे राहून ऐकले. खारघरहून लोकलने जाऊन, धूळ खाऊन, शेवटच्या गाडीने परत आलो. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर उभे असताना हा सूर प्रथम कोणी लावला, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

तरीही रंगभवनवाला काकांनी वर्मावर बोट ठेवले आहे, फक्त त्यांनी ते जरा बाजूला ठेवले असे मला वाटते. या अल्बमची खरी अडचण शब्दांत आहे. दहा गाण्यांत प्रकाश, आकाश, धागे, तारे, गुरू, श्रद्धा यांचा नुसता पाऊस आहे, पण एखादा माणूस, एखादे घर, एखादी दुपार दिसत नाही. मिशिगनच्या लहान गावात वाढलेल्या तीन भावांना त्या गावाविषयी काहीच सांगायचे नसेल, हे मला पटत नाही. अपवाद म्हणजे ‘फेअरवेल फॉर नाऊ’ हे शेवटचे गाणे. कार्यक्रम संपवून श्रोत्यांचा निरोप घेण्याचा अनुभव त्यात आहे, आणि तो त्यांचा स्वतःचा, रोजचा अनुभव असल्यामुळे ते गाणे लगेच भिडते. प्लांटच्याही गाण्यांत परीकथा आणि दंतकथा होत्या, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या शेजारीच अगदी मातीतले, शरीराचे, भांडणाचे ब्लूज असत.

दुसरी हळहळ ‘रनवे ब्लूज’ या तुकड्याची आहे. हे गाणे दीड मिनिटाच्या आतच संपते. चौघे खोलीत मोकळे सुटले आहेत, कोणी कोणाला अडवत नाही, आता काहीतरी घडणार असे वाटते, आणि नेमका तेव्हाच आवाज हळूहळू कमी करून त्यांनी गाणे बंद केले आहे. नेरूळच्या दादांनी जी एकत्र वाजवण्याची गंमत सांगितली ती तिथे सर्वांत जास्त आहे. त्यांनी त्याची सात मिनिटे ठेवली असती तर मी आणखी दोन गाणी आनंदाने सोडून दिली असती.

---

रंगभवनवाला (घोडबंदर रोड)

शब्दांचा मुद्दा पटला. कुमारांच्या उदाहरणाबद्दल मात्र माझी एक शंका आहे. कुमारांची नक्कल बालपणी झाली आणि तिच्यावर त्यांनी ग्रॅमी घेतले नव्हते. लोकांनी नकलेवरच डोक्यावर घेतल्यावर ती सोडणे फार कठीण जाते. चौथा अल्बम येईल तेव्हा याच ठिकाणी पुन्हा भांडू.

---

गौडसारंग (ठाणे)

अवश्य. टाळ्यांनी गाणे बिघडते, याबद्दल आपले एकमत आहे. पण तिसऱ्या अल्बममध्ये निर्माता बदलून, गाणी आखडती घेऊन, स्वतःवरचा साज उतरवून पाहणे हे टाळ्यांच्या आहारी गेलेल्या माणसाचे लक्षण नाही, एवढे श्रेय तरी त्यांना द्यावे.

---

मासुंदाकाठी (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. नेरूळचा ठेका यांच्या सांगण्याप्रमाणे रात्री हेडफोन लावून पहिल्यांदा फक्त ड्रम ऐकले आणि दुसऱ्यांदा गौडसारंग ताईंच्या सांगण्याप्रमाणे गायक मध्य सप्तकात कुठे थांबतो ते ऐकले. ‘मीटिंग द मास्टर’ च्या पहिल्या दीड-दोन मिनिटांत मला प्लांट खरोखरच ऐकू आला नाही. बाकी ठिकाणी तो येतो आणि येत राहील, माझ्या कानांचा तो स्वभाव झाला आहे. दोन गाण्यांच्या चाली मात्र दुसऱ्या दिवशी कितीही आठवल्या तरी आठवेनात, आणि मला वाटते की साम्यापेक्षा ही गोष्ट अधिक गंभीर आहे. झेपलिनच्या ज्या गाण्याचा शेवट माझ्या कॅसेटवर तुटलेला होता त्याचीही चाल मला न चुकता गुणगुणता येते.

एलपी ‘स्टारकॅचर’ चीच द्यायचे ठरवले आहे, कारण भेट तिला द्यायची आहे, मला नाही. झेपलिनची एलपी मी स्वतःसाठी घेईन. आता शेवटचा एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. तिच्याकडे अजून रेकॉर्ड प्लेअर नाही. बाजारात पेटीसारखे, झाकण उघडून वाजवायचे स्वस्त प्लेअर मिळतात, ते चालतील का? आणि नेरूळच्या दमट हवेत एलपी टिकेल का?

---

नेरूळचा ठेका (नवी मुंबई)

पेटीसारखा स्वस्त प्लेअर शक्यतो घेऊ नये. त्यातल्या बहुतेकांची सुई जड दाबाची असते आणि दाब कमीजास्त करण्याची सोय नसते, त्यामुळे खाचा लवकर झिजतात. शिवाय त्यांचे स्पीकर त्याच पेटीत असल्यामुळे ढोलाचा हादरा थेट सुईपर्यंत जातो, आणि या अल्बममध्ये ढोलच तर ऐकायचा आहे. सुईमागे वजन सरकवून दाब ठरवता येतो असा साधा प्लेअर आणि वेगळे स्पीकर घ्यावेत. एकदम जमत नसेल तर वाढदिवसाला एलपी द्यावी आणि प्लेअर दिवाळीला द्यावा, तोवर ती फोनवर ऐकतेच आहे.

हवेची काळजी मात्र घ्यावीच लागते. आपल्याकडे पावसाळ्यात आधी वेष्टणाच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि मग ती तबकडीवर उतरते. एलपी एकावर एक रचून न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, खाडीकडच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे आणि आतले कागदी पाकीट काढून प्लास्टिकचे घालावे. पांढरे ठिपके दिसलेच तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड घेऊन खाचांच्या दिशेने गोल पुसावे. नळाचे पाणी वापरू नये, त्यातले क्षार खाचांत बसतात आणि मग प्रत्येक फेऱ्याला चटचट आवाज येतो. वाशी-नेरूळकडे एलपी मागवताना ती पावसात दारात पडून राहणार नाही, अशा दिवशी घरपोच मागवावी. माझ्या एका एलपीचा पुठ्ठा असाच भिजून फुगला आहे.